उरलेला चुना

त्या दिवसांत माझं महादेवाशी पटत नव्हतं. गळ्यात इष्टलिंग होतं, सकाळची पूजाही चुकत नव्हती, पण ती दात घासावेत तशी उरकायची. कारण घरातच होतं. ऐंशी वर्षांच्या माझ्या वडिलांना, अण्णांना, हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं आणि ते हटून बसले होते. "आधी अव्वाच्या पायाशी बसव, मग म्हणशील तिथं सही करतो." अव्वा म्हणजे त्यांची आई. ते सात वर्षांचे असताना ती गेली. आम्हा लिंगायतांत पुरतात. तिला किल्लारीच्या आमच्या शेतात, बांधाला समाधी दिली होती. पुढे आजोबांनी शेत विकून लातूर गाठलं, अण्णा मास्तरकी करायला नांदेडला आले, आणि भूकंपानंतर तर गावच उठून दुसरीकडे वसलं. अव्वा तिथंच राहिली. एवढ्या वर्षांत तिच्या मातीला कुणी हातसुद्धा लावला नसेल, हे अण्णांना आतून खात होतं. डॉक्टर म्हणत होते, महिन्याच्या आत या.

मी चिडूनच कामाला लागले. लातूरच्या आत्याच्या ट्रंकेत एक फोटो सापडला: अर्ध्या चड्डीतले अण्णा, शेजारी समाधीचा जेमतेम एक कोपरा, मागे विहीर. फोटो काढणाऱ्याला समाधीपेक्षा विहिरीचं कौतुक जास्त होतं, असं दिसतं. मग रेकॉर्डरूमच्या चकरा. जुन्या खासऱ्याची, म्हणजे निजामी काळातल्या जमिनीच्या नोंदीची, नक्कल मिळाली ती उर्दूत. आमच्या गल्लीतल्या एका रिटायर्ड उर्दू मास्तरांनी भिंग लावून आजोबांचं नाव आणि सर्व्हे नंबर वाचून दिला. तेवढ्यानं अण्णा लहान मुलासारखे हरखले. मला मात्र वाटत होतं, नंबर मिळाला म्हणजे माणूस मिळतं थोडंच.

किल्लारीपासून जीप करून आम्ही त्या शेतात पोचलो. विहीर होती, बाभळींनी भरलेली. बांधाला पाच-सहा समाध्या होत्या. त्यातली एक चांगली घडीव, वर नंदी. अण्णांनी विचारही केला नाही. तिच्यावर बेल वाहिला, विभूती लावली, डोकं टेकवलं आणि "अव्वा, उशीर झाला गं" म्हणून हमसून रडायला लागले. मीही रडले. एवढ्यात डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली एक साठीची बाई बांधावरून आली आणि थबकली.

"शरणार्थी, अण्णा," तिनं आमच्यातला नमस्कार घातला. "पर ते तर माजे सासरे हायेत की!"

शेत तिच्या सासऱ्यांनीच आजोबांकडून घेतलं होतं, हे मागून कळलं. अण्णा ओशाळले. रडता रडता मला हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. बाकीच्या समाध्यांवर ना नाव ना खूण. आता यातली अव्वा कोणती, हे कोण सांगणार?

बाईंनी पेंढी खाली ठेवली. आम्ही कोण, कशाला आलो, हे त्यांना अजून सांगितलंही नव्हतं. माणसं रडतायत म्हणून धीर द्यायला त्या आपलं बोलत राहिल्या. "शिवरातीच्या आदी मी मामंजींना चुना लावते. उरला चुना घरला न्यायचा न्हाई, ही त्यांचीच शिस्त. मग तो ह्या बाईला लावते." त्यांनी कोपऱ्यातली एक बुटकी समाधी दाखवली. "भूकंपात उलथली व्हती. आमच्या मालकानं दगड पुन्ना बसिवले."

"बाई कशावरून?" अण्णांनी पुढे होऊन विचारलं.

"पोपडे खरवडताना हिरव्या काकणाची काच लागती हाताला. सवाशीण असंल बिचारी. म्हणून कुंकू बी लावते."

अण्णा त्या बुटक्या समाधीपाशी जाऊन बसले. समाधीचा चुना ओला असताना सात वर्षांच्या त्या पोरानं आईच्या फुटक्या बांगड्यांचे तुकडे त्यात दाबले होते. कुणी रागावेल म्हणून ही गोष्ट त्यांनी जन्मभर कुणाला सांगितली नव्हती. मलाही तिथंच, पहिल्यांदा कळली. त्यांनी बोटानं चाचपलं. काच होती.

याला चमत्कार म्हणायचं की नाही, ते मला ठाऊक नाही. मी कागद धुंडाळत होते, महादेवावर डाफरत होते, आणि ज्या बाईचं आम्हाला नावही माहीत नव्हतं ती माझ्या आजीला दरवर्षी कुंकू लावत होती. मला लाज वाटली, आणि फार फार बरंही वाटलं. बाईंच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला वरच्यावर उचलून पोटाशी धरलं.

परतताना जीपमध्ये अण्णा म्हणाले, "उद्याच दवाखान्यात नाव घाल."

"भीती नाही ना वाटत?"

"वाटती की. पर आपल्याला ठाऊक नसताना बी कुणीतरी बघून राहिलंय ना."

ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर बसून मी नवस बोलले नाही, महादेवाशी घासाघीसही केली नाही. नुसती बसले. अण्णा सुखरूप बाहेर आले.

यंदा शिवरात्रीच्या आधी चुन्याची बादली आम्ही नेली. मला वाटलं, अण्णा धावत अव्वाकडे जातील. त्यांनी आधी बाईंच्या सासऱ्यांची समाधी सावकाश, नंदीच्या कानापर्यंत रंगवली, आणि उरलेला चुना अव्वाला लावला.