अंगठ्याच्या आधी

मोखाड्याला तहसील कचेरीबाहेर एक बाई अर्ज लिहून देते. आमच्या कॉलेजात कला शाखा कशाला हवी, याचा नऊ पानी खुलासा विद्यापीठासाठी लिहून मी थकलो होतो. जीपची वाट बघत तिच्या बाकावर टेकलो. समोरची म्हातारी जमिनीचं सांगता सांगता वारलेल्या नवऱ्यावर आली, मग त्याच्या बैलावर. बाईनं पेनाला टोपण लावलं आणि नुसती ऐकत राहिली. मग अर्ज लिहिला, म्हातारीला तिच्या बोलीत वाचून दाखवला आणि नंतरच अंगठा घेतला.

"इतका वेळ देता?" मी विचारलं.

"बीए केलंय सर, मराठीत. ज्याचा अर्ज, त्याला आधी पटला पाहिजे. तेवढंच राहिलंय डोक्यात."

जीप आली. माझी नऊ पानं मलाच पटली नव्हती.