उबेकडची जागा

माक्सुन म्हणजे शेवटची. चौथीही मुलगीच झाली तेव्हा बापाने वैतागून ठेवलेलं नाव. देवाने ते काही मनावर घेतलं नाही. चार वर्षांनी पाचवी आली. तिच्या कानाजवळ तीळ होता म्हणून ती जोमी. आईबापांनी कपाळाला हात लावला, आणि ते पोर माक्सुनच्या कडेवर वाढलं.

आता माक्सुन साठीची होती. देगू शहरातल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती काचेची भांडी धुवायची आणि बश्यांमधल्या पेशींना वेळेवर खाणं घालायची. विद्यार्थ्यांच्या बश्यांना बुरशी लागे, तिच्या बशीला अकरा वर्षांत कधी नाही. फक्त एका खोलीत ती पाय ठेवत नसे. तिथे भिंतीला साखळीने बांधलेली वायूची टाकी होती. कार्बन मोनॉक्साइडची.

सोल्लालच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेतला तरुण डॉक्टर प्यो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“मावशी, एक काम होतं.”

“भांडी झालीत सगळी.”

“भांड्यांचं नाही हो. त्या खोलीतलं. उंदराच्या हृदयाच्या पेशी आहेत. तीन दिवस रोज एक तास त्यांना तो वायू द्यायचा. मी पडलो थोरला मुलगा, पूर्वजांचं ताट मांडायला गावी गेलंच पाहिजे. विद्यार्थी पोरंही पळाली. तुम्हाला कुठे जायचं नाहीये ना?”

सणाच्या तोंडावर माणसाने असं विचारू नये. “मला कोण बोलावतंय!” माक्सुन म्हणाली. “पण विष आहे ते, डॉक्टर.”

“चिमूटभर असतं. आणि एक दिवस जरी चुकला तरी दोन वर्षांची मेहनत पाण्यात.” तो स्टूल ओढून बसला. “तुमच्या कोळशाच्या शेगडीला खाली हवेचं भोक असायचं ना? बोळा लावला की काय व्हायचं?”

“आच मंदावते. एक वडी बारा तास पुरते.”

“पेशीतही तशा शेगड्या असतात. हा वायू त्यांचं भोक जरासं दाबतो, थोडा धूर होतो. मग पेशी जागी होते, फुटक्या शेगड्या मोडते, नव्या घालते. पुढे खरंच श्वास कोंडला तर तग धरते.”

“आणि भोक पुरतं दाबलं तर?”

“मग विझते.” त्याची नजर तिच्या पोटरीवर गेली. बर्फावर घसरून पडल्याचा डाग होता तिथे. “काळानिळा होता, आता हिरवा झालाय ना? जुनं रक्त मोडताना हा रंग येतो, आणि तेव्हाच अंगही हा वायू कणभर बनवतं. तुमचं, माझं, सगळ्यांचं.”

माक्सुनने घाईघाईने मोजा वर ओढला. संतापच आला तिला. चाळीस वर्षं भर थंडीत खिडकी उघडी टाकून निजली, आणि हा मेला अंगातच बसलेला!

चाळीस वर्षांपूर्वी दोघी बहिणी सूतगिरणीत कामाला होत्या, भाड्याच्या एका खोलीत. जमिनीखालून शेगडीची धग फिरे. शेगडीकडची बाजू सर्वांत उबेची, ती वडीलधाऱ्याला नाहीतर आजाऱ्याला द्यायची, हा रिवाज. जोमीला खोकला होता. “नको गं ताई, तूच झोप तिकडे, तुला जास्त थंडी वाजते,” ती म्हणाली. माक्सुनने तिला दटावून तिकडे झोपवलं, खिडकीच्या फटींना कागद चिकटवले आणि स्वतः दाराशी पडली. जमिनीला चीर होती ती नेमकी त्या उबेच्या बाजूला; रात्री तिच्यातून कोळशाचा तोच वायू आत आला.

सकाळी शेजारणींनी दार मोडून दोघींना अंगणात ओढलं. गॅस चढला की करतात तसं मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी तोंडात ओतलं. माक्सुनला ठसका लागला. जोमीच्या ओठांवरून ते नुसतं ओघळून गेलं.

माक्सुनने लग्न केलं नाही. घरं बदलली, शेगडीच्या जागी तेलाचा बॉयलर आला, पण ती दाराशीच निजे. उबेकडच्या बाजूला जोमीची रजई अंथरलेली असे. तिथे कधी कुणी बसलं नाही, कारण घरी कुणी येतच नसे.

सणाच्या सकाळी ती दोनदा त्या खोलीच्या दारातून परत फिरली. तिसऱ्यांदा आत गेली. बशी काचेच्या पेटीत ठेवली, खूण केली होती तिथपर्यंत चावी फिरवली, आणि तासभर काट्याकडे बघत उभी राहिली. “घाबरू नका रे,” ती पेशींना म्हणाली. स्वतः मात्र एक पाऊल दाराकडे सरकली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली.

चौथ्या दिवशी डॉक्टर परतला. त्याने तिची बशी आणि बाजूला ठेवलेली दुसरी, अशा दोन बश्यांचा प्राणवायू तोडला, मग पुन्हा दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने हाक मारली. “मावशी, लवकर या!”

माक्सुनने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिने वायू दिलेल्या बशीतल्या पेशी धडधडत होत्या. दुसऱ्या बशीत सगळं आकसून पडलं होतं.

“हिला काही दिलं नव्हतं?”

“नाही. एकीला द्यायचा, एकीला नाही.”

“मग हिचा काय दोष होता?”

“दोष कसला, मावशी? कुठली बशी कुठे ठेवायची ते मी नाणं उडवून ठरवतो.”

माक्सुन खाली बसली आणि रडायला लागली. चाळीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं तिने त्या पोरवयाच्या डॉक्टरला सांगितलं. त्याने विचारलं, “ती चीर तुम्हाला माहीत होती?”

“नव्हती रे बाबा.”

“मग तुम्ही तिला ऊब दिलीत. तेवढंच.”

ती उन्हं असतानाच घरी आली. सवयीने खिडकी उघडायला हात गेला, तो तिने मागे घेतला. जमीन तापायला लागली होती. माक्सुन दाराशी जरा वेळ उभी राहिली, मग चालत पलीकडे गेली आणि जोमीच्या रजईचं एक टोक उचललं.

“सरक गं थोडी,” ती म्हणाली. “मलाही थंडी वाजतेय.”