तांडेलाचा हलका संसार

हरेश्वर गेला आणि डहाणूच्या किनाऱ्याने आपला शेवटचा खरा दर्यावर्दी गमावला. हे माझं म्हणणं नाही, बाजाराच्या नाक्यावर लागलेल्या श्रद्धांजलीच्या फलकाचं आहे. फलकावर हरेश्वरचा एक फोटो आहे आणि त्याच्याहून मोठे सात फोटो श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे आहेत. त्याच सकाळी बंदरातून नेहमीसारख्या होड्या सुटल्या होत्या, त्यामुळे ‘शेवटचा’ हा शब्द जरा घाईचा वाटतो. शिवाय २०१५ पासून हरेश्वर समुद्रात गेलाच नव्हता. शेवटची चार वर्षं तो सायकलवर होता. फलकाखाली उभं राहून मी हे त्याच्या मुलाला, निलेशला, म्हणालो. तो म्हणाला, “काका, फलकावर सायकल काय लिहिणार? लोक हसतील.” लोक हसतील अशी व्यवस्था हरेश्वरने स्वतःच करून ठेवली होती, हे खरं. पण त्या हसण्याचं पुढे काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले. सकाळी ओट्यावर बसून तो सायकलचे ब्रेक पॅड बदलत होता. जयवंतीवहिनी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता, पाना हातात. मी पोचलो तेव्हा पुढच्या चाकाचे पॅड बसवून झाले होते, मागचे राहिले होते.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. मी पुढे त्याच शाळेत मास्तर झालो आणि तो त्याच्या वडिलांच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, ज्याच्या शब्दावर जाळं पडतं आणि उठतं. छत्तीस वर्षं त्याने हे केलं. मग २०१५ मध्ये हृदयाच्या नळीत स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी जाळं ओढायला मनाई केली. निलेश वापीला कारखान्यात नोकरीला, त्याला समुद्राचं प्रेम नव्हतं. होडी विकली गेली. हरेश्वर ओट्यावर आला. ज्याला विचारल्याशिवाय सात माणसं हलत नव्हती, त्याला आता घरातले विचारत, तुम्हाला ऊन लागतंय का, आत बसता का? एकदा तो मला म्हणाला, “मास्तर, मला सामानासारखं ठेवलंय रे... इथून उचलून तिथे.”

डॉक्टरांनी व्यायाम म्हणून सायकल चालवायला सांगितलं. किती लांब, हे विचारायला हरेश्वर विसरला. भाच्याची गिअरची सायकल पडून होती, ती त्याने घेतली आणि भाच्याच्याच मोबाइलवर पाहिलं की जगात अशी माणसं आहेत जी सायकलवर तंबू, चूल, अंथरूण बांधतात आणि निघतात, रात्र होईल तिथे झोपतात. त्याला बाइकपॅकिंग म्हणतात. हरेश्वर म्हणाला, हे तर आपण होडीत आयुष्यभर केलं, फक्त खाली पाणी होतं.

मग मुंबईच्या एका मोठ्या दुकानात खरेदीला तो मला घेऊन गेला. दाढी राखलेल्या विक्रेत्याने आम्हाला आधी अर्धा तास प्रवासाचं तत्त्वज्ञान सांगितलं. त्याचा सारांश असा की माणसाने जगात कमीत कमी वस्तू बाळगाव्यात आणि त्या सगळ्या याच दुकानातून घ्याव्यात. दीड किलोचा तंबू, मुठीत मावणारी चूल, हवा भरायची गादी, हँडलला बांधायची लांबट पिशवी. सायकलला नवी चेन घेतली तर विक्रेता म्हणाला, मागचं दात्यांचं चक्रही बदला, नवी चेन आणि झिजलेले दाते यांचं पटत नाही. घरी आल्यावर हरेश्वरने ते सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, “आपल्या घरात पटवून घेतलंच की मी.”

वहिनी बाजारात मासे विकतात. त्यांच्या काट्यावर हरेश्वर रोज दुपारी एकेक वस्तू वजन करून बघे. ग्रॅम त्याच्या डोक्यात बसत नसत, माशात तो बरोबर पकडी. तंबू म्हणजे मध्यम सुरमई. चूल म्हणजे एक बोंबील, तोही लहान. टायटॅनियमचा चमचा काट्यावर ठेवला तर आकडा जेमतेम हलला. हा चमचा घ्यावा की नाही यावर त्याने दुकानात बराच विचार केला होता, कारण साध्या चमच्यापेक्षा तो चांगलाच हलका. वहिनींनी चमचा बघितला, नवऱ्याचं पोट बघितलं आणि म्हणाल्या, “आधी हे उतरवा. चमच्याचं नंतर बघू.”

तंबूची पहिली चाचणी किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांपुढे, दुपारी चार वाजता झाली. निलेशची सुट्टी होती, तोही आला. तंबू वाऱ्यात कसा उभारायचा हे कागदावर छापलेलं होतं, पण छत्तीस वर्षं तांडेल असलेल्या माणसाला वाऱ्याबद्दल कागदाने काय सांगावं? नांगरलेली होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. हरेश्वरने तंबूही तसाच उभा केला, दार सताड उघडं, तोंड पश्चिमेला. चारचा वारा सरळ दारातून आत गेला. भरतीच्या ओढीत डोल जाळं फुगतं तसा तंबू फुगला, वाळूतल्या खुंट्या एकामागून एक उपटल्या आणि सुरमईएवढा तो संसार किनाऱ्यावरून धावत सुटला, तो भेळेच्या गाडीला अडकून थांबला. पन्नासेक माणसं हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. निलेश हसला नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटली.

त्या संध्याकाळी त्याने बापाला अट घातली. तीन दिवसांची फेरी करायची: डहाणूहून चारोटी, हायवेने तलासरी, तिथून वेवजी आणि घोलवडवरून घरी. दोन मुक्काम तंबूत. पूर्ण केली तर पुढे कोणी अडवणार नाही. पण मध्येच फोन करून टेम्पो मागवला, तर सायकल विकायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही. निलेशचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. ज्याच्या बापाच्या हृदयात स्टेंट आहे त्याने आणखी काय म्हणायचं? हरेश्वर म्हणाला, “चालेल.” पण पुन्हा ओट्यावर यायचं की नाही, याचाच हा फैसला आहे हे आम्ही तिघेही ओळखून होतो.

डिसेंबर २०१६. पहिल्या दिवशी तो चारोटीला मिसळ खाऊन हायवेला लागला आणि तलासरीकडचे चढ, जिथे दम लागेल तिथे उतरून, हातात सायकल धरून चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी निलेशचा मला फोन आला. काका, जरा बघून या ना, पण मी सांगितलं म्हणू नका. मी स्कूटर काढली आणि वेवजीत माझा एक जुना विद्यार्थी आता शिक्षक आहे, त्याला भेटायचं निमित्त ठरवलं. शोधावं लागलं नाही. रस्त्याकडेला एका आंब्याखाली हरेश्वर बसला होता, सायकल उलटी, मागचं चाक मांडीवर. पत्र्याच्या तुकड्याने टायर बाजूने चार बोटं फाटला होता. ट्यूबला ठिगळ लावता येतं, पण फाटलेल्या टायरमधून ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते. दुसरा टायर जवळ नव्हता, कारण तो जड असतो.

“निलेशने पाठवलं ना?” त्याने मान वर न करता विचारलं.

मी विद्यार्थ्याचं सांगितलं. त्याने विद्यार्थ्याचं नाव विचारलं आणि मला ते ऐन वेळी आठवेना.

मी आजूबाजूला बघितलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मी म्हणालो, सायकल त्या विद्यार्थ्याच्या घरी ठेवू, तू माझ्या मागे बस, घोलवडच्या अलीकडे उतरवतो, तिथून चालत ये. टेम्पो मागवायचा नाही असं ठरलंय, स्कूटरबद्दल कोणी काही बोललेलं नाही. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी इतका निर्लज्ज युक्तिवाद करत होतो.

हरेश्वरने हँडलच्या पिशवीतून दाभण आणि नायलॉनच्या धाग्याची गुंडी काढली. हे मुंबईच्या विक्रेत्याच्या यादीत नव्हतं. जाळ्याचा दोरा होता, ओट्यावरून उचललेला. त्याने टायरच्या फाटलेल्या कडा जुळवल्या आणि फाटलेलं जाळं सांधावं तसं शिवायला घेतलं, जवळजवळ टाके, प्रत्येक टाक्याला गाठ. शेवटची गाठ दातांनी ओढून तो म्हणाला, “होडी फुटली म्हणून मी कधी दुसऱ्याच्या होडीत बसून बंदरात आलो का, मास्तर? तू जा. आणि निलेशला सांग, बाबा दिसले नाहीत.”

मी निलेशला तसंच सांगितलं. आयुष्यात फार कमी खोटी वाक्यं मी इतक्या आनंदाने बोललो असेन.

त्या रात्री त्याने घोलवडजवळ एका चिकूच्या वाडीत तंबू टाकला, पाठ वाऱ्याला करून. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला तो घरी आला. मागचं चाक दर फेऱ्याला शिवणीवर उसळत होतं, त्यामुळे तो सायकलवर बसलेला घोड्यावर बसल्यासारखा वरखाली होत होता. ओट्यावर आम्ही सगळे होतो. निलेशने खाली बसून ती शिवण बोटाने चाचपली. वहिनींनी पाणी दिलं. भाषण कोणी केलं नाही, हार आणायचं कोणाला सुचलं नाही. पुढच्या रविवारी निलेश वापीहून आला तेव्हा त्याच्या पिशवीत एक नवा टायर होता, घडी करता येणारा, हलक्यातला. “हा जोडीला ठेवा,” एवढंच तो म्हणाला. हरेश्वरने लगेच तो वहिनींच्या काट्यावर ठेवला आणि एक छोटा हलवा मासा म्हणून मान्य केला.

त्यानंतर तीन वर्षं त्याला कोणी, ऊन लागतंय का, म्हणून विचारलं नाही. जव्हारचा घाट त्याने दोनदा चढला. गुजरातच्या किनाऱ्याने एकदा सुरतेच्या पुढे गेला आणि वाटेतल्या खलाशांशी त्यांच्या गुजरातीत बोलून त्यांच्याच धक्क्यावर झोपला. किती किलोमीटर झाले ते त्याने लिहून ठेवलं नाही, त्यामुळे मोठा आकडा सांगून तुम्हाला थक्क करायची माझी सोय नाही. माझ्या मित्राने आपलं आपण निघायचं आणि आपलं आपण परतायचं, एवढं परत मिळवलं. मला त्याचा अभिमान आहे, आणि हा शब्द मी सहसा वापरत नाही.

गेल्या आठवड्यात गावातले काही लोक वहिनींकडे आले. हरेश्वरच्या वस्तू सभागृहात काचेच्या कपाटात कायमच्या मांडाव्यात, तरुणांना प्रेरणा मिळेल, असा त्यांचा विचार होता. वहिनी म्हणाल्या, सायकल न्यायची तर निलेशला विचारा, तंबू मिळणार नाही, तो वापरात आहे. ते गेल्यावर मी विचारलं, तर त्या मला गच्चीवर घेऊन गेल्या. तंबू उन्हात उभा होता, चारही कोपऱ्यांना विटा. जाळीच्या दाराची चेन पूर्ण ओढलेली. हात लावावा की नाही, अशा विचाराने मी क्षणभर बाहेरच उभा राहिलो... मग वाकून आत पाहिलं. आत जवळा वाळत घातला होता. वहिनी म्हणाल्या, मांजर शिरत नाही.