सुंदरामावशीचा चुडा

तिने हात पुढे केला तेव्हा माझ्या हातात केरसुणी होती.

दुकानासमोर झाडून झालं होतं. पाणी शिंपडायचं आणि हिरव्या बांगड्यांचे डबे पुढे मांडायचे बाकी होते.

ही सगळी ह्यांची कामं. हे जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

आमचं कासाराचं दुकान रत्नागिरीच्या जुन्या बाजारात. सासऱ्यांच्या काळात काचेचा माल आगबोटीने यायचा, पेंढ्यात गुंडाळून. मग एसटीच्या टपावरून. आता कुरिअरने येतो, आणि फुटायचा तेवढा फुटतोच.

दिरांचं म्हणणं होतं, दुकान शेजारच्या मोबाईल कव्हरवाल्याला भाड्याने द्या.

"वहिनी, तुमच्या हातून चुडा कोण भरून घेणार?"

माणूस वाईट नाही. बाजारातलं खरं तेच बोलले.

नारळी पौर्णिमा तोंडावर होती. बोटी समुद्रात जायच्या आधी बंदरावरच्या बायका नवा चुडा भरतात. नवरा समुद्रावर जाणार, आणि बांगड्या विधवेच्या हातून?

बायका यायच्या, मला बघायच्या, टिकल्यांचं पाकीट घेऊन जायच्या.

आणि त्या सकाळी ही. मिऱ्या बंदरावरची सुंदरामावशी; तिचा नवरा, आमचे काका, बोटीवर. सुक्या मासळीची पाटी तिने दारात उतरवली.

"काय गो, बघत काय ऱ्हायलीस? भर चुडा."

"मावशी, मी?"

"मग काय तुझ्या दिराकडून भरू?"

"काका बोटीवर जाणार ना..."

"बोट त्याला चालवायची हाय. तुला नाय."

मी बसले. एकेक बांगडी चढवत गेले.

शेवटची बांगडी तिच्या मनगटावर फुटली.

बांगडी फुटली असं म्हणू नये, वाढवली म्हणावं. अख्खी गल्ली बघत होती.

मावशीने काच झटकली. "वाढवली. दुसरी घाल."

चुडा भरून झाल्यावर बाई कासाराला नमस्कार करते, ही रीत. मावशी मला वाकून नमस्कार करून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "येते गो कासारणी!"

दुपारी तिच्या वाडीतल्या बायका आल्या.

बोटी गेल्या. मग वारा सुटला. बाकीच्या बोटी परतल्या, काकांची नाही.

माझी शाळा लवकर सुटली. बांगड्या गुंडाळायच्या रद्दीतून जे मिळालं ते वाचत गेले. असल्या समजुती खोट्या, हेही त्या रद्दीतच वाचलं होतं. तरी त्या दिवशी घास उतरला नाही.

दुसऱ्या सकाळी मावशी दारात. पाटीत ताजी मासळी.

"जयगडला खाडीत शिरलेली गो बोट. बसलाय चाय पीत!"

मी रडायलाच लागले.

"माझा घोव, आणि मी नाय रडले. तू कशाला?"

तेव्हापासून मावशीने प्रत्येक चुडा माझ्याकडेच भरला. आणि प्रत्येक वेळी बोट परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. हे मी कुणाला कधी बोलले नाही. तिलाही नाही.

काल पहाटे मावशी गेली. झोपेतच. हाल नाहीत, दवाखाना नाही.

निरोप आला, हिरव्या बांगड्या घेऊन ये. काका आहेत. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला चुडा भरून पाठवतात.

मी बांगड्या मावशीच्या सुनेच्या हातात दिल्या आणि मागे सरले. कुणीतरी म्हणालंही, "सवाशिणीला भरू देत."

काका भिंतीला टेकून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "हिचा चुडा तीच भरते. तीच भरील."

मी भरला.

पाट्या उचलून राठ झालेला तो हात काल सैल होता. सगळ्या बांगड्या गेल्या. एकही वाढवली नाही.

या वेळी वाकून नमस्कार मी केला.

बाहेर अंगणात आले आणि केवढं तरी ओझं उतरलं. माझ्या हातून तिचं काही वाईट झालं नाही. असलं काही मानत नाही म्हणणाऱ्या मला हे स्वतःला पटायला इतकी वर्षं लागली.

मावशी, पाटी उतरव आता. बस निवांत.

आज सकाळी दुकानासमोर झाडलं, पाणी शिंपडलं आणि हिरव्या बांगड्यांचे डबे पुढे मांडले.