बिनशिक्क्याचा लॅपटॉप

आमच्या घरचा कॉम्प्युटर फार शिस्तीचा होता. तो दर तासाला आपोआप बंद पडायचा.

ही शिस्त त्याला मागाहून लागली. आधी तो चांगला चालत होता, कारण त्यातली ऑपरेटिंग सिस्टिम मी स्वतः टाकली होती. इंटरनेटवर ट्रायल फुकट मिळत होती. (तिची मुदत किती, ते बारीक इंग्रजीत लिहिलं होतं. बारीक अक्षरं वाचायला मी काही वकील नाही.) पडदा उजळला आणि खालच्या कोपऱ्यात दोन-तीन इंग्रजी ओळी उमटल्या. माझी सगळी नोकरी आलापल्लीच्या लाकूड डेपोत गेलेली. तिथे सागाच्या ओंडक्यावर हातोड्याने शिक्का उमटवला की माल पास, शिक्का नसला की चोरीचा. मी बायकोला बोलावून दाखवलं, "हे पाह्य, शिक्का बसला. आता कोणी बोट नाई दाखवू शकत."

शेजारच्या मडावी भाऊंनी दुकानातून रीतसर नवा लॅपटॉप आणला होता. मी त्याचा कोपरा पाहिला. कोरा!

"भाऊ, याच्यावर शिक्काच नाई."

"मंग?"

"मंग काय? बिनशिक्क्याचा माल हाये हा."

नाक्यावर ट्रक अडवल्यासारखा मडावी भाऊंचा चेहरा झाला. "तुमच्या हातानं मारून द्या ना मंग."

मी त्यांची चांगली, विकत घेतलेली सिस्टिम पुसून काढली आणि माझी ट्रायल टाकून दिली. शेजारधर्म म्हणून वर चहाही त्यांचाच प्यालो.

काही महिन्यांनी पडद्यावरचा वाघाचा फोटो गेला आणि त्याच्या जागी नुसतं काळं झालं. बायको म्हणाली, "काऊन काळं झालं?"

"डोळ्याले आराम देऊन राह्यला."

मग तो तासातासाला बंद पडू लागला. "गरम होऊ नये म्हणून," मी सांगितलं. तेवढ्यात मडावी भाऊ आले. "भाऊ, माहावालाही काळा झाला अन् बंद पडून राह्यला."

"माह्यासारखाच चालून राह्यला ना? मंग बरोबर चालून राह्यला."

आमची लेक प्राजक्ता गडचिरोलीला राहून कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. नागपूरच्या एका कंपनीने तिला मुलाखतीला निवडलं. काम असं, की लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर फोनवर सांगून दुरुस्त करायचे. ह्या नोकरीसाठी पोरीने जिवाचं रान केलं होतं. मुलाखत कॉम्प्युटरवरूनच द्यायची होती, म्हणून ती घरी आली. मी पाऊण तास आधीच मशीन चालू करून ठेवलं, म्हणजे ऐनवेळी अडायला नको.

नाव सांगून झालं, शिक्षण सांगून झालं, आणि पडदा विझला.

"बाबा, हे काय होय?"

मी तिला मडावी भाऊंच्या घरी पळवत नेलं. त्यांचा लॅपटॉपही जवळपास तासभर गाण्यांसाठी चालूच होता. काळा पडदा आणि कोपऱ्यातल्या इंग्रजी ओळी पाहून प्राजक्ता थबकली. "काका, याच्यात ट्रायल कोणं टाकली?"

"तुह्या बाबानं," मडावी भाऊ कौतुकाने म्हणाले. आणि त्यांचा लॅपटॉपही विझला.

पोरीची नोकरी मी दोन घरांत मिळून बुडवली होती. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. कंपनीचे साहेब होते. ती शांतपणे म्हणाली, "सर, ट्रायलची मुदत संपलीय, म्हणून सिस्टिम दर तासाला बंद पडते. पुन्हा चालू केली की तासभर मिळेल. मुलाखतीला तेवढा पुरे."

लॅपटॉप पुन्हा चालू झाला. साहेबांनी विचारलं, "ही ट्रायल टाकली कोणी?"

"वडिलांनी. शेजाऱ्यांकडेही त्यांनीच टाकली."

"आणखी काय काय करतात ते?"

मग तिने सांगितलं. मी काय काय पुसलं, काय काय बिघडवलं आणि हॉस्टेलवरून फोन करून करून तिने ते कसं सुधारलं, सगळं. मी दाराआड उभा होतो. कान तापले होते, पण छाती फुगली होती. माझी पोर साहेबांशी अशी बोलत होती, की जणू खुर्ची तिचीच आहे.

तिची निवड झाली. प्राजक्ताला नोकरी माझ्यामुळे लागली, असं मी आता आलापल्लीत भेटेल त्याला सांगतो. आमच्या गावात कोणी कोणाचं मोठेपण सहजासहजी कबूल करत नाही. पण हे मात्र अजून एकानेही खोडून काढलेलं नाही.