माझा दाखवण्याचा कार्यक्रम

आमच्या घराण्यात दाखवण्याचे जेवढे कार्यक्रम झाले, त्यांत सगळ्यात लांबचा माझा. आमच्या हट्टा गावाहून थेट हैदराबादला! मी मुलगा आहे, ही अडचण फक्त मलाच वाटत होती.

त्याचं असं झालं. निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. मी हिंगोलीच्या शाळेत मॅट्रिकला होतो आणि गणितात माझं डोकं बरं चालायचं. एक दिवस हेडमास्तरांनी दादांना (म्हणजे माझ्या वडिलांना) बोलावून सांगितलं, की याला हैदराबादच्या मोठ्या कॉलेजात पाठवा, इंजिनेर होईल. मात्र तिथं मुलुखभरातून पोरं येतात आणि घेतात मोजकीच. नुसते मार्क पुरत नाहीत. तीन साहेब पोराला समोर बसवून बघतात, प्रश्न विचारतात आणि मनात भरला तरच ठेवून घेतात. याला मुलाकात म्हणतात. तेवढी तयारी घरी करून घ्या.

दादांनी कॉलेज पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं. पूर्णेवरचा रेल्वेचा पूल पाहिल्यापासून मला तसला पूल बांधायचा होता, आणि तिथवर जायची वाट या तीन साहेबांसमोरून जात होती. साहेबांनी नाही म्हटलं, तर दादांचं औत माझी वाटच बघत होतं.

आता पोराला समोर बसवून बघणं, प्रश्न विचारणं आणि पसंती ठरवणं, यातलं आमच्या घरात कळतं कोणाला? दादांनी जवळा बाजारला बैलगाडी धाडून आपल्या थोरल्या बहिणीला, सोनाआत्याला आणवलं. भावकीतल्या झाडून सगळ्या पोरी तिनं उजवल्या होत्या. तिनं तयार केलेली पोरगी नापसंत झाल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. (गावचे पाटीलसुद्धा तिच्याशी बोलताना विडी मागे लपवत.)

"अक्का, हे कॉलेज हाय. लग्न न्हाई," दादा चाचरत म्हणाले.

"बघणारे समदीकडं सारखेच असतेत," आत्या म्हणाली. "गंग्या, जरा चालून दाखव."

मी चाललो. आत्यानं कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून माझं खरं शिक्षण सुरू झालं. पावलाचा आवाज येऊ द्यायचा नाही. नजर पायाच्या अंगठ्यावरून हलवायची नाही. विचारतील तेवढंच सांगायचं, तेही सतरंजीच्या काठापर्यंत पोचेल एवढ्याच आवाजात. रोज सकाळी तोंडाला हळद-बेसन! शेजारपाजारचे म्हातारे साहेब होऊन ओसरीवर बसायचे आणि मला आजोळचं आडनाव विचारायचे. बघायला आलेल्यांना हातचं खाऊ घालावं लागतं, म्हणून मुरमुरे भिजवून सुसलाही मलाच करायला लावला. तो बरा जमू लागल्यावर साहेबांची संख्या भलतीच वाढली.

इंग्रजी कधी वाचू, असं मी एकदा विचारलं. इंग्रजी साहेबाला येतंच, त्याला जे येत नाही ते दाखव, असं उत्तर मिळालं.

मुलाकातीला मी, दादा आणि आत्या असे तिघं निघालो. आत्याला घरी ठेवायचा विषय दादांनी काढला होता, पण घरची बाई सोबत नसली तर लोक काय समजतील, या प्रश्नावर त्यांनी तिसरं तिकीट काढलं. पूर्णा जंक्शनला गाडी बदलून आम्ही हैदराबादला उतरलो, एका धर्मशाळेत मी सुसला केला आणि आम्ही कॉलेजपुढं जाऊन उभे राहिलो.

काय ती इमारत! एवढा दगड एका जागी मी कधी पाहिला नव्हता. कमानीखाली उभं राहिलं की माणूस आपोआप टोपी सावरायचा. दादांनी पायरीवरच वहाणा काढल्या. आत्यानंसुद्धा डोईवरचा पदर सावरला, आणि ते पाहून माझं उरलंसुरलं अवसान गेलं. आजूबाजूला शेरवानीतली पोरं एकमेकांशी फाडफाड इंग्रजी बोलत होती. माझ्या तोंडाला नुसता बेसनाचा वास.

माझं नाव पुकारलं. दालनात लांबलचक टेबल आणि त्यामागं तीन साहेब. मी अंगठ्याकडं बघत, आवाज न करता आत गेलो. मी आलोय हे त्यांच्या जरा वेळानंच लक्षात आलं. समोर खुर्ची होती, पण खुर्चीवर कसं बसायचं हे आत्यानं शिकवलं नव्हतं. मी गालिच्यावर बसलो! टेबलाआड गडप झालेला उमेदवार शोधायला तिन्ही साहेब उठून वाकले. त्यांनी नाव विचारलं. मी नाव सांगितलं. गणितं घातली. मी उत्तरं दिली, पण इतक्या हळू, की मोठे साहेब कानाला हात लावून जवळजवळ टेबलावर आडवे झाले. मग फळ्यापाशी जायला सांगितलं. मी गेलो, आकृती काढली आणि चालीत खोट नाही हे दिसावं म्हणून दालनाला एक फेरी मारून परत गालिच्यावर बसलो.

साहेबांनी एकमेकांकडं पाहिलं. तुला काही विचारायचं आहे का, असं मोठ्या साहेबांनी उर्दूत विचारलं. आपल्याकडून काही विचारायचं नसतं, हे मला पाठ होतं. मी मान आणखी खाली घातली. आता सगळं संपलं, हे मला कळत होतं.

तेवढ्यात दार उघडलं. डोईवर पदर घेतलेली आत्या पितळी ताट घेऊन आत आली. शिपाई मागून धावत होता. तिनं ताट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "पोराच्या हातचं हाय."

तिघांतल्या एका साहेबांना मराठी येत होतं. त्यांनी बाकीच्यांना सगळं समजावलं. बराच वेळ समजावलं. मोठ्या साहेबांनी आधी आत्याकडं, मग टेबलाकडेनं वाकून माझ्याकडं पाहिलं आणि ताटातला एक घास घेतला. मग दुसरा घेतला.

आत्यानं पहिल्यांदाच कोणापुढं तरी हात जोडले. "साहेब, पसंत हाय का न्हाई, आताच सांगा. मागून निरोप धाडतो म्हणू नका. तसं म्हणणारे पुन्यांदा येत न्हाईत. लेकरू तिकडं वाट बघून राहते."

मराठीवाल्या साहेबांनी तेही समजावलं. मोठे साहेब सावकाश उभे राहिले आणि त्यांनी आत्याला आदाब केला. "माँजी, गणित तर सगळं बराबर आहे. पण इतका अदब आज सकाळपासून एकाही मुलात दिसला नाही. मुलगा आमचा."

आत्यानं मला गालिच्यावरून उठवलं, माझा हात साहेबांच्या हातात दिला आणि पदरानं डोळे पुसले. "तुमच्या पदरात घातलं. काही चुकलं तर सांभाळून घ्या," एवढंच म्हणाली. एवढा मोठा साहेब, पण त्यानंही मान खाली घातली.

पहिल्या दिवाळीला कॉलेजच्या फाटकाशी दादा मुराळी होऊन मला न्यायला आले. लेकीला आणायला जावं तशी त्यांनी बैलांवर झूल घातलेली गाडी गावाजवळच्या स्टेशनवर उभी ठेवायला सांगितली होती. वसतिगृहातली सगळी पोरं खो खो हसत होती. मोठ्या साहेबांनी मात्र गंभीरपणे रजा दिली. त्यांच्या पाया पडून मी वळलो आणि भावी इंजिनेर असून भर फाटकात हमसून हमसून रडलो. एवढं एक मात्र आत्यानं शिकवलेलं नव्हतं!