हरणीचा ताप आणि वैशाली डॉक्टर

वैशाली डॉक्टर गोठ्यात शिरल्या की आधी जनावराशी बोलायच्या, मग माणसांशी. गायीच्या कानाला हात लावून विचारायच्या, "हाक मारलीस का गं?" घोडेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात त्या नव्याने आल्या, तेव्हा आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला म्हणाल्या, "ही पोरगी गायी बऱ्या करनार, का त्यांच्याशी गप्पा हाननार?"

त्या वर्षी जनावरांत लम्पीची साथ आली. गावचा गुरांचा बाजार बंद पडला आणि आमच्या गाभण गायीच्या, हरणीच्या अंगावर गाठी उठल्या. हरणी म्हणजे आत्याबाईंचा जीव की प्राण. सासरे गेल्यापासून त्या मन मोकळं करायच्या ते तिच्यापाशीच. तिला ताप चढला तशी त्यांनी डॉक्टरांना धारेवर धरलं. "सुई टोचा आन् उतरवा की ताप! नुसतं बघत काय बसलाय?"

"आजी, ताप रोगाचा न्हाई, हरणीचा हाय. विषाणूला चटके बसावेत म्हनून तिच्या अंगानंच चूल पेटवलीय. लई चढला तर मी हाय ना."

मग त्यांनी ते हाकेचं सांगितलं. विषाणू एका पेशीत घुसला की ती पेशी शेजारणींना हाक मारते, कड्या लावून घ्या म्हणून. "पन ह्यो चोर लबाड. शिरल्या शिरल्या तिचं तोंडच दाबतो. आधी हाक जाती का आधी तोंड दाबलं जातं, एवढीच शर्यत."

"आन् तुमी काय करनार?"

"मी हरणीच्या बाजूनं हाय. तिला खाऊ घालायचं, माश्या बसू द्यायच्या न्हाईत, गाठी चिघळू द्यायच्या न्हाईत. विषाणूला मारायचं औषध माझ्याकडं न्हाई."

असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

पुढे हरणीचे पाय सुजून खांबासारखे झाले. बसली ती उठेचना. तेव्हा मात्र डॉक्टरांनी स्वतःहून ताप-सूज उतरवायची सुई काढली. आत्याबाई कडाडल्या, "मग तवाच का न्हाई दिली?"

"तवा तिचं अंग चोराला बडवत हुतं. आता घरच्यांनाच बडवाया लागलंय. आवरलंच पायजे." "ह्या सुईनं पोटातल्या वासराला धोका हाय, पन आधी हरणी," म्हणत त्यांनी सुई टोचली.

हरणी उठली, पण गाभडली. पोटातलं वासरू गेलं. डॉक्टर तिथंच शेणात बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. "आजी, माझं चुकलं का हो?" मला वाटलं, आता काही ह्यांची धडगत नाही. पण आत्याबाईंनी चुलीवरचं ऊन पाणी आणलं आणि त्यांचे हात स्वतः धुतले. "ऊठ बाई. माझी गाय जित्ती ठिवलीस तू. तिच्याकडं बघ." त्या दिवसापासून 'अहो डॉक्टर'चं 'अगं वैशे' झालं.

नंतर त्यांची बदली झाली, तीही लांब. निरोप घ्यायला आल्या तर आत्याबाई रुसून आतच बसून राहिल्या. बाहेर म्हणून आल्या नाहीत.

हरणी पुन्हा गाभण राहिली, आणि देवाच्या दयेने सुखरूप व्याली. आत्याबाईंनी मला फोन लावायला लावला आणि त्यात ओरडल्या, "वैशे, कालवड झालीया! बाळंतिनीला बघाया म्हायेरचं कुनी येतं का न्हाई? मंग?"

दुसऱ्याच दिवशी वैशाली डॉक्टर बाजरी आणि गुळाची पिशवी घेऊन एसटीतून उतरल्या. तशाच गोठ्याकडे निघाल्या होत्या, तर आत्याबाईंनी "थांब गं!" म्हणून दटावलं, आणि त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यावरून काही कधी इतक्या मायेनं ओवाळला नव्हता. पण खरं सांगते, डोळे माझेच भरून आले.